तेलक्षेत्रातील भूजलाची शुद्धी : गणिती प्रारूपाच्या आधारे घेतलेल्या निर्णयांचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण नदीच्या गाळाने बनलेल्या मैदानातील एका जुन्या तेलक्षेत्राचे आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून ठिकाण, चालक कंपनी आणि वर्षे येथे दिलेली नाहीत. अंतरे आणि मोजमापे पूर्णांकांत आणली आहेत, पण त्यांचा परस्परांशी असलेला मेळ तसाच ठेवला आहे, जेणेकरून वाचकाला हिशेब स्वतः करून पाहता येईल.

तेलविहिरीतून तेलासोबत खारे पाणीही वर येते, आणि क्षेत्र जसजसे जुने होते तसतसे या पाण्याचे प्रमाण वाढत जाते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. या क्षेत्रातील खाऱ्या पाण्यात ते सुमारे ५० ग्रॅम होते. असे पाणी आता बहुतेक ठिकाणी खोल थरांत परत दाबले जाते, परंतु येथे पूर्वी ते संकलन केंद्राशेजारच्या अस्तर नसलेल्या खड्ड्यांत सोडून बाष्पीभवनावर सोपवले जात असे. हे खड्डे सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी खोदले गेले आणि बारा वर्षांपूर्वी बंद झाले. बंद करताना ते मातीने भरले, तळाचा तेलकट गाळ मात्र उचलला गेला नाही.

खड्ड्यांखाली सुमारे २० मीटर जाडीचा वाळूचा जलधर, म्हणजे पाणी साठवणारा आणि वाहू देणारा थर आहे. त्याची जलवाहकता, म्हणजे पाणी वाहू देण्याची क्षमता, दिवसाला १० मीटर, पाणीपातळीचा उतार हजार मीटरला ३ मीटर आणि सच्छिद्रता २५ टक्के. आन्री दार्सी यांनी १८५६ मध्ये मांडलेल्या नियमाने हिशेब केला, तर पाणी दिवसाला १२ सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला सुमारे ४४ मीटर सरकते. प्रवाहाच्या खालच्या अंगाला ९०० मीटरवर एक वस्ती आहे आणि तिचे पिण्याचे पाणी याच जलधरातील कूपनलिकांतून येते. त्यांतील काही उथळ आहेत, काही थेट तळापर्यंत गेलेल्या.

समस्या

पहिली तक्रार चवीची होती. वस्तीतील खोल कूपनलिकांचे पाणी खारट लागू लागले. क्लोराइडचे प्रमाण लिटरला सुमारे २५० मिलिग्रॅमच्या वर गेले की ते जिभेला जाणवू लागते, आणि तपासणीत ते त्याहून बरेच अधिक निघाले. पाठोपाठ संकलन केंद्राजवळच्या निरीक्षण विहिरींत बेंझीन आढळले आणि दोन विहिरींत पाण्यावर तेलाचा थर तरंगताना दिसला. बेंझीन हे माणसात कर्करोग घडवणारे सिद्ध रसायन आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. तेलाच्या थराखालच्या पाण्यात ते ५ मिलिग्रॅमच्या वर होते. सुमारे २५० मीटरच्या पुढे मात्र ते कोणत्याही विहिरीत सापडत नव्हते.

रहिवाशांचा प्रश्न साधा आणि रास्त होता : आज मीठ आले आहे, उद्या बेंझीन येणार का? चालक कंपनीचा प्रश्न वेगळा होता : काय केले म्हणजे काम पूर्ण झाले असे नियामक मानेल? हे दोन प्रश्न एकच नव्हेत. अभ्यासगटाने प्रारूपाची, म्हणजे पाणी आणि प्रदूषण कसे सरकेल हे सांगणाऱ्या संगणकीय गणिताची, रचना रहिवाशांच्या प्रश्नावरून ठरवली, हा या प्रकरणातील पहिला निर्णय होता आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. वस्तीला पर्यायी पाणी देण्याचा निर्णयही प्रारूपाची वाट न पाहता त्याच आठवड्यात घेतला गेला. गणित होईपर्यंत लोकांनी संशयास्पद पाणी पीत राहावे, ही भूमिका कोणत्याही अभ्यासाने समर्थनीय ठरत नाही.

पहिले प्रारूप

प्रवाहासाठी अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची मॉडफ्लो ही आज्ञावली निवडली गेली. तिची पहिली आवृत्ती १९८४ ची आहे आणि जगभर तिचा वापर होतो. विरघळलेल्या पदार्थांच्या वहनासाठी १९९० मध्ये आलेल्या एमटी-थ्रीडी कुळातील आज्ञावली जोडली गेली. वहनाचे समीकरण चार गोष्टींचा जमाखर्च मांडते : पाण्यासोबत वाहून जाणे, वाटेत विखुरणे, मातीच्या कणांना चिकटून मागे राहणे आणि जिवाणूंकडून विघटन होणे. क्लोराइडला यांतील पहिल्या दोनच गोष्टी लागू होतात, बेंझीनला चारही.

क्लोराइडच्या बाबतीत पहिले प्रारूप लगेच अडखळले. वस्तीतील उथळ आणि खोल कूपनलिकांत खारेपणा सारखाच वाढेल, असे ते सांगत होते. प्रत्यक्षात उथळ कूपनलिका जवळजवळ गोड होत्या आणि मीठ तळाशी होते. कारण घनतेत होते. लिटरला ५० ग्रॅम क्षार असलेले पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे साडेतीन टक्के जड असते. खाली खेचणारा हा ०.०३५ चा जोर ०.००३ या आडव्या उताराच्या दहापटीहून अधिक आहे. उभी जलवाहकता आडवीच्या एक दशांश धरली, तरी विरल न झालेले खारे पाणी जेवढे पुढे सरकते तेवढेच खालीही उतरते. म्हणजे खड्ड्यातून निघालेले मीठ पहिल्या काही दशक मीटरांतच तळ गाठते आणि तेथून तळाशी रांगत वस्तीकडे जाते. घनता स्थिर धरणाऱ्या प्रारूपाला हे दिसणे शक्यच नव्हते. त्यामुळे खाऱ्या पाण्यापुरता प्रवाह आणि घनता एकत्र सोडवणाऱ्या सीवॉट या आज्ञावलीकडे जावे लागले.

या बदलाचा उपयोग ताबडतोब झाला. सुधारित प्रारूपाने दाखवले की खड्डे बारा वर्षांपूर्वी बंद झाले असले, तरी शेवटी झिरपलेल्या पाण्याला ९०० मीटर कापायला सुमारे वीस वर्षे लागतात. म्हणजे आज संकलन केंद्रात काहीही केले तरी खोल कूपनलिकांचा खारेपणा आणखी आठेक वर्षे घटणार नाही. ही गोष्ट रहिवाशांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगितली गेली. ऐकायला ती कडू होती, पण नंतरच्या प्रत्येक बैठकीत तिचा आधार मिळाला, कारण पाणी खारेच राहिले तेव्हा कोणाला फसवल्यासारखे वाटले नाही.

भूतकाळाशी जुळणारी दोन चित्रे

खरी कसोटी बेंझीनची होती. मातीतील सेंद्रिय कर्बाचे प्रमाण कमी, सुमारे ०.१ टक्का, असल्यामुळे बेंझीन फारसे चिकटत नाही. पाण्याच्या वेगापेक्षा त्याचा वेग सुमारे १.४ पट कमी, म्हणजे वर्षाला ३१ मीटर भरतो. प्रश्न होता तो २५० मीटरनंतर ते का दिसत नाही हा. याची दोन उत्तरे समोर आली आणि दोन्ही मोजमापांशी उत्तम जुळत होती.

पहिले चित्र असे. बेंझीन जुन्या खड्ड्यांतील गाळातून पंचवीस वर्षे झिरपत आहे, जिवाणू ते झपाट्याने खातात, त्याचे अर्धायुष्य, म्हणजे प्रमाण निम्मे व्हायला लागणारा काळ, वर्षापेक्षा कमी, सुमारे ०.८ वर्ष आहे, आणि म्हणून प्रदूषणाचा पट्टा २५० मीटरच्या आत थांबून स्थिरावला आहे. हे खरे असेल तर निरीक्षणाखेरीज काही करण्याची गरज नाही.

दुसरे चित्र याच्या नेमके उलट. खड्ड्यांच्या बाजूला सुमारे ६० मीटरवर जमिनीखालून एक तेलवाहिनी जाते. ती सुमारे सहा वर्षे गळत असेल, तर वर्षाला ३१ मीटर वेगाने बेंझीनची आघाडी आजवर १९० मीटरच्या आसपास पोचली असेल आणि तिचे विखुरलेले टोक २५० मीटरपर्यंत जाईल. विघटन मंद, समजा अर्धायुष्य दहा वर्षे असेल, तर पट्टा थांबलेला नसून वाटेत आहे. वस्तीपर्यंतच्या एकोणतीस वर्षांत बेंझीन तीनदाही निम्मे होणार नाही, आणि ५ मिलिग्रॅमपासून निघालेले पाणी मर्यादेच्या पन्नासपटीहून अधिक बेंझीन घेऊन तेथे पोचेल.

स्वयंचलित जुळवणी करणाऱ्या पेस्ट या आज्ञावलीने दोन्ही चित्रांना जवळजवळ सारखीच कमी त्रुटी दिली. चालक कंपनीचा कल अर्थातच पहिल्याकडे होता. त्यात दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. खड्डे डोळ्यांसमोर होते, त्यांचा इतिहास माहीत होता, आणि दिवसाला १८० किलो तेलाची गळती उत्पादनाच्या मोजणीत हरवून जाण्याइतकी लहान असते. पण जुळणी चांगली आहे एवढ्यावरून चित्र खरे ठरत नाही. प्रारूपाच्या अहवालांत निरीक्षण आणि गणित यांचे बिंदू एका तिरप्या रेषेवर सुंदर बसलेले दाखवतात आणि वाचणारा निश्चिंत होतो. या प्रकरणात तसे दोन आलेख काढता आले असते, आणि त्यांतून निघणारे निर्णय परस्परविरोधी असते.

निर्णयाचे वळण

पुढची विहीर कोठे खोदायची, यावर येथे मतभेद झाला. एक सूचना अशी होती की पट्ट्याच्या मधोमध आणखी विहिरी घ्याव्यात, म्हणजे जुळवणी अधिक नेमकी होईल. अभ्यासगटाने ती नाकारली. मधोमध दोन्ही चित्रे एकच आकडा सांगत होती, त्यामुळे तेथील मोजमापाने खर्च वाढला असता, शंका मिटली नसती. मोजायचे ते दोन्ही चित्रे जेथे वेगळे बोलतात तेथे. असे एक स्थान ३५० मीटरवर होते : पहिल्या चित्रानुसार तेथे बेंझीन कधीच येणार नाही, दुसऱ्यानुसार तीन-चार वर्षांत येऊ लागेल. तेथे वेगवेगळ्या खोलीवर जाळी असलेल्या निरीक्षण विहिरी घेतल्या गेल्या. परंतु तीन-चार वर्षे थांबून उत्तर मिळवणे परवडणारे नव्हते, म्हणून आजच वेगळे दिसेल असे काही शोधणे भाग होते.

बेंझीन आणि क्लोराइड यांचा संबंध तपासण्याची कल्पना सर्वांना आधी सुचली. सर्वाधिक बेंझीन असलेल्या विहिरींत क्लोराइड बेताचेच होते, तेव्हा स्रोत वेगळे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होता. तो टाळला हे बरे झाले. तेल तरंगते आणि खारे पाणी बुडते, त्यामुळे दोन्ही एकाच खड्ड्यातून आले असते तरी वाटेत वेगळे झालेच असते.

निर्णायक ठरला तो सल्फेटचा जमाखर्च. जिवाणू बेंझीन खातात तेव्हा त्यांना श्वसनासाठी ऑक्सिजन किंवा त्याच्याऐवजी दुसरा पदार्थ लागतो. एक मिलिग्रॅम बेंझीन पूर्ण विघटित व्हायला सुमारे ३.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि भूजलात तो लिटरला आठ-नऊ मिलिग्रॅमपेक्षा अधिक क्वचितच असतो. तो तेलाजवळ पहिल्याच टप्प्यात संपतो. मग पाळी येते नायट्रेटची, मातीतील लोहाची, सल्फेटची आणि शेवटी मिथेन बनवणाऱ्या जिवाणूंची. सल्फेटच्या मार्गाने एक मिलिग्रॅम बेंझीनला ४.६ मिलिग्रॅम सल्फेट लागते. टोल्वीन, झायलीन या सोबत्यांनाही जवळजवळ तेवढेच. पट्ट्यात अशी संयुगे मिळून लिटरला सुमारे १५ मिलिग्रॅम होती. पहिल्या चित्राप्रमाणे ती दोनशे मीटरच्या आत संपत असतील, तर सुमारे ७० मिलिग्रॅम सल्फेट खर्ची पडायला हवे होते. परिसरातील स्वच्छ पाण्यात सल्फेट ६० मिलिग्रॅमच होते, तेव्हा ते पट्टाभर जवळजवळ शून्यावर यायला हवे होते. प्रत्यक्षात ते फक्त पहिल्या शंभर मीटरांच्या टापूपुरतेच संपलेले होते. विरघळलेले लोह आणि मिथेनही तेवढ्याच टापूत मिळाले. दीडशे-दोनशे मीटरवर सल्फेट निम्म्याने शिल्लक होते. विघटन चालू होते, पण पहिल्या चित्राला हवे तेवढे वेगवान नव्हते.

त्याच वेळी प्रारूपातून पाण्याच्या कणांचा माग उलट दिशेने काढला गेला. सर्वाधिक बेंझीनच्या विहिरींपासून मागे गेलेल्या वाटा खड्ड्यांपाशी न थांबता तेलवाहिनीच्या एका तुकड्यापाशी पोचल्या. विहिरीतील तेलात हलकी संयुगे शाबूत होती, खड्ड्यातील गाळात ती केव्हाच नाहीशी झालेली होती. वाहिनीची दाबचाचणी घेतली गेली आणि गळती सापडली. ज्या दिवशी ती बंद झाली, तो दिवस या प्रकरणातील सर्वांत फलदायी होता. त्यानंतरच्या कोणत्याही यंत्रणेने एवढा परिणाम साधला नसता.

अंतिम चित्र दोन्ही टोकांच्या मध्ये आले. मीठ जुन्या खड्ड्यांचे, बेंझीन मुख्यतः वाहिनीचे, आणि अर्धायुष्य दोन ते चार वर्षे. ही मर्यादा आणखी अरुंद करता आली नाही. दोन वर्षे धरली तर पट्टा ५६० मीटरवर थांबतो, चार धरली तर १,१२० मीटरवर. वस्ती बरोबर या दोहोंच्या मध्ये, ९०० मीटरवर आहे. सरासरी काढून ८४० मीटर हा आकडा अहवालात लिहिणे सोपे होते, आणि तो वस्तीच्या अलीकडे पडतो म्हणून सर्वांना दिलासाही मिळाला असता. अभ्यासगटाने तसे केले नाही. त्यांनी नियामकासमोर आणि रहिवाशांसमोर संपूर्ण पल्ला ठेवला आणि पुढील सर्व आखणी चार वर्षांच्या प्रतिकूल बाजूने केली.

विचारात घेतलेले पर्याय

उपसा करून शुद्धीकरण हा पर्याय सर्वांना परिचित होता. विहीर किती रुंदीचे पाणी आपल्याकडे ओढते याची सोपी सूत्रे जवांदेल आणि त्सांग यांनी १९८६ मध्ये मांडली. १२० मीटर रुंद पट्टा पकडायला येथे दिवसाला ७२ घनमीटर उपसा पुरतो, म्हणजे अडवणूक सहज शक्य आहे. पण अडवणे म्हणजे शुद्ध करणे नव्हे. पट्ट्यातील छिद्रांत सुमारे दीड लाख घनमीटर पाणी आहे. या वेगाने ते एकदा बदलायला पावणेसहा वर्षे लागतात, आणि तेल खाली शिल्लक असेपर्यंत येणारे नवे पाणीही बेंझीन घेऊनच येते.

तेल शिल्लक राहिले तर किती काळ, याचा हिशेब मला या साऱ्या अभ्यासात सर्वांत बोलका वाटतो. वाळूत सुमारे ४०० टन तेल अडकलेले होते. त्यात बेंझीन एक सहस्रांश, म्हणजे ४०० किलो. रेणूंच्या हिशेबाने तो वाटा ०.३ टक्के येतो. शुद्ध बेंझीन लिटरमागे सुमारे १,७८० मिलिग्रॅम विरघळते, त्याच्या ०.३ टक्के म्हणजे ५.३ मिलिग्रॅम, जे विहिरीतील मोजमापाशी जुळते. तेलाच्या टापूतून दिवसाला सुमारे साडेपाच घनमीटर पाणी जाते आणि वर्षाला दहा किलो बेंझीन धुऊन नेते. चारशे भागिले दहा, म्हणजे चाळीस वर्षे, असे प्रथमदर्शनी वाटते. पण तेलातील बेंझीन घटते तसे धुऊन निघण्याचे प्रमाणही घटते, त्यामुळे चाळीस वर्षांनंतरही ३७ टक्के उरते आणि ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत यायला अडीचशे वर्षे लागतात. केवळ उपशावर विसंबणे म्हणजे पुढच्या अनेक पिढ्यांना पंप चालवायला सांगणे होते. शिवाय जोरदार उपशाने पाणीपातळी खाली गेली असती आणि तरंगते तेल अधिक जाड थरात फासले गेले असते. तळचे मीठही वर ओढले गेले असते.

तेलमिश्रित माती खोदून काढण्याचा पर्याय खोली आणि वर उभे असलेले केंद्र यांमुळे अर्धवटच शक्य होता. जलधरात हवा सोडण्याचा पर्याय लवकर बाद झाला, कारण वाळूत चिकणमातीचा भिंगाच्या आकाराचा एक थर होता आणि हवा त्याखालून बाजूला निसटली असती.

निसर्गावर सोपवून निरीक्षण करण्याच्या पर्यायावर बरीच चर्चा झाली आणि त्यात बेमिडजीचा दाखला निघाला. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात बेमिडजीजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी तेलवाहिनी फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चे तेल सांडले आणि सफाईनंतरही जवळपास पाव हिस्सा जमिनीत राहिला. १९८३ पासून तेथे दीर्घकाळ संशोधन चालू आहे. पाणी जितके पुढे गेले तितके बेंझीन गेले नाही, जिवाणूंनी वाटेत त्याचा बराच भाग संपवला, हे तेथे स्पष्ट दिसले. पण त्याच संशोधनाची दुसरी बाजू चर्चेत अनेकदा मागे राहते : मातीतील उपयोगी लोह खर्च होत गेले तसा ऑक्सिजनविरहित पट्टा हळूहळू पुढे सरकत राहिला. विघटनाची क्षमता म्हणजे अक्षय साठा नव्हे, हे त्यातून कळते. प्रारूपात अर्धायुष्य हा एकच स्थिर आकडा भरला की ही मर्यादा नजरेआड होते. म्हणून येथे विघटनाचा वेग उपलब्ध सल्फेटशी बांधलेली स्वतंत्र गणिते करण्यात आली, आणि त्यांनीही पल्ला लांब होण्याकडेच बोट दाखवले.

केलेली कृती

निवडलेला मार्ग मिश्र होता. प्रथम स्रोत : तरंगते तेल, त्याखालचे पाणी आणि मातीतील बाष्प एकत्र ओढणारी यंत्रणा तेलाच्या टापूत बसवली गेली, आणि उपसा मुद्दाम इतका मंद ठेवला की पाणीपातळी फार खाली जाऊ नये. खड्ड्यांचा तेलकट, खारा गाळ उचलला गेला.

लक्ष्य किती ठेवायचे, हे प्रारूपाने ठरवले. स्रोताजवळ पिण्याच्या पाण्याचा दर्जा लगेच मागणे अवास्तव होते. उलट बाजूने विचार केला तर प्रश्न असा होतो : चार वर्षांचे अर्धायुष्य खरे असले, तरीही पट्टा वस्तीच्या अलीकडे थांबावा, यासाठी स्रोतात बेंझीन किती असू द्यावे? उत्तर आले लिटरला सुमारे दीड मिलिग्रॅम. सावधगिरी म्हणून एक मिलिग्रॅम निश्चित केले गेले, कारण त्या स्थितीत प्रतिकूल पट्टाही सुमारे ८२५ मीटरवर थांबतो. कडेने होणारे विखुरणे या हिशेबात धरलेले नाही. ते धरले असते तर अंतर आणखी कमी आले असते, आणि ती सवलत जाणूनबुजून राखून ठेवली गेली.

दुसरी तटबंदी अटीवर अवलंबून होती. ३५० मीटरच्या विहिरींत बेंझीन मर्यादेच्या वर गेले, तर ४०० मीटरवर उपशाच्या दोन विहिरी सुरू करायच्या. ३५० मीटरपासून वस्तीपर्यंत बेंझीनला आणखी सुमारे अठरा वर्षे लागतील, म्हणजे इशारा मिळाल्यावर कृतीला पुरेसा अवकाश आहे. विहिरींची जागा, वाहिन्यांचा मार्ग आणि शुद्धीकरणाची आखणी आधीच करून ठेवली गेली, नाहीतर अठरा वर्षांतील बरीच वर्षे मंजुरीतच गेली असती.

मिठासाठी फारसे काही करता येण्यासारखे नव्हते. वस्तीतील खोल कूपनलिका बंद केल्या, कारण त्यांचा उपसा तळचे खारे पाणी ओढत होता. उथळ कूपनलिकांचा वापर मर्यादित ठेवला, आणि पर्यायी पाणीपुरवठा कायमस्वरूपी केला.

परिणाम

गळती थांबल्यावर तेलाच्या थराची जाडी पहिल्या काही महिन्यांतच घटू लागली. स्रोताजवळचे बेंझीन ५ मिलिग्रॅमवरून तीन वर्षांत सुमारे दीड मिलिग्रॅमवर आले, आणि तेथून पुढची घट मंदावली. सहज निघणारे तेल निघून गेल्यावर छिद्रांत अडकलेले उरते, त्यामुळे हे अपेक्षितच होते. या टप्प्यावर यंत्रणा बंद करण्याचा आग्रह झाला. लक्ष्याचा आकडा कसा निघाला हे सर्वांसमोर असल्याने ती चालू राहिली आणि पुढे एक मिलिग्रॅमच्या आसपास स्थिरावली.

३५० मीटरच्या मधल्या विहिरीत पाचव्या वर्षीही बेंझीन नव्हते. दुसऱ्या, मंद विघटनाच्या चित्राच्या विरुद्ध जाणारा हा पुरावा म्हणून तो मांडला जाणार होता. तेवढ्यात पाणीपातळीच्या नकाशात एक विसंगती दिसली : प्रवाहाची दिशा सुमारे पंधरा अंशांनी वळलेली होती. जवळच्या शेतीसाठी नवा उपसा सुरू झाला होता. ३०० मीटर अंतरात पंधरा अंश म्हणजे बाजूला ७८ मीटर, आणि पट्ट्याची अर्धी रुंदी ६० मीटर. पट्टा मधल्या विहिरीला चुकवून शेजारून चालला होता. बाजूला नवी विहीर घेतल्यावर तेथे बेंझीन सापडले, मर्यादेच्या खाली, पण निश्चितपणे. दोन ते चार वर्षांच्या पल्ल्याशी ते सुसंगत होते. दुसरी तटबंदी सुरू करावी लागली नाही, मात्र तिच्या विहिरींची जागा नव्या दिशेनुसार बदलली गेली.

खोल कूपनलिकांतील क्लोराइड सांगितल्याप्रमाणे घटलेले नाही, वाढतच राहिले आहे.

वेगळे काय करता आले असते

घनतेचा विचार पहिल्या दिवसापासून व्हायला हवा होता. लिटरला ५० ग्रॅम क्षार हा आकडा हाती असताना साडेतीन टक्क्यांचा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो, आणि त्यावरून योग्य आज्ञावली निवडता आली असती. त्याचप्रमाणे वाहिनीची दाबचाचणी प्रारूपाच्या आधी घेता आली असती. ती स्वस्त आहे, तिचे उत्तर नि:संदिग्ध असते, आणि प्रत्येक महिन्याच्या विलंबात सुमारे साडेपाच टन तेल जमिनीत गेले. स्रोत कोठे आहे हे गणिताने शोधता येते म्हणून ते गणितानेच शोधावे असे नाही.

सल्फेट, लोह आणि मिथेन यांची मोजणी मुख्य नमुन्यांसोबत पहिल्याच फेरीत झाली असती, तर दोन चित्रांमधील पेच कदाचित उभाच राहिला नसता. बेंझीन हा प्रदूषक असल्यामुळे सर्व लक्ष त्याच्या आकड्यावर खिळते. त्याच्या विघटनाच्या खुणा ज्या पदार्थांवर उमटतात ते नियमांच्या यादीत नसतात आणि म्हणून मोजलेच जात नाहीत. बेंझीनमधील कर्बाच्या जड समस्थानिकाचे, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या अधिक वजनाच्या अणूंचे, प्रमाण तपासले असते तर त्याने हाच पुरावा स्वतंत्रपणे दिला असता, कारण जिवाणू हलका समस्थानिक असलेले रेणू थोडे अधिक वेगाने खातात आणि उरलेले बेंझीन जड होत जाते. केवळ विरल झालेल्या बेंझीनमध्ये असा बदल दिसत नाही.

सर्वांत गंभीर उणीव सीमांची होती. प्रारूपाच्या कडांवर पाणीपातळी कायम धरलेली होती, जणू आजूबाजूला कोणी नवा उपसा करणारच नाही. चालू जमीनवापराच्या मैदानात हे गृहीत पाच वर्षेसुद्धा टिकत नाही. आता परिसरातील उपशाची नोंद दरवर्षी प्रारूपात भरली जाते आणि दिशा पाच अंशांपेक्षा अधिक वळली की निरीक्षण विहिरींची रचना पुन्हा तपासली जाते. नव्या उपशाची माहिती अभ्यासगटाला पाणीपातळीवरून कळण्याआधी रहिवाशांना वर्षभरापूर्वीच ठाऊक होती. त्यांना ती विचारण्याची कोणतीही पद्धत आराखड्यात नव्हती. सध्याच्या आराखड्यात पाणीपातळीचे मासिक मोजमाप वस्तीतील दोन प्रशिक्षित रहिवासी करतात, आणि नव्या कूपनलिकांची नोंदही त्यांच्याकडूनच येते.